पहिलें बाक

सुतारकाम शिकूं इच्छिणाऱ्या माणसापुढें पहिल्याच दिवशीं एक कोडें उभें राहतें. लांकूड नीट रंधावयाचें, सरळ कापावयाचें, त्यांत चौकोनी भोक पाडावयाचें, तर तें घट्ट धरून ठेवणारें एक जड व अचल बाक पाहिजे. आणि तें बाक करावयाचें तर त्याचेंच लांकूड आधीं रंधलें, कापलें व सांधलें पाहिजे. म्हणजे बाकावांचून बाक नाहीं. नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात, तो येथें पोथींतून उठून पडवींत येऊन बसतो. वादांत हा दोष निघाला म्हणजे वाद संपतो. पडवींत मात्र काम तेथूनच सुरू होतें. कोणी दोन जुन्या खुर्च्यांवर फळी टाकतो, कोणी ओट्याच्या कडेला लांकूड टेकवून तें गुडघ्यानें दाबतो, कोणी भुईवर बसून पायाच्या बोटांनीं धरतो. आणि अशा अपुऱ्या साधनांनीं व न सरावलेल्या हातांनीं पहिलें बाक जन्मास येतें. तें निर्दोष असणें शक्यच नसतें. नेमक्या याच कारणास्तव, मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहणाऱ्या प्रत्येक घरानें या वस्तूकडे एकदां नीट पाहावें, असें मला वाटतें. आणि या महिन्याचा लेख त्यासाठींच आहे.

बाक म्हणजे टेबल नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. टेबलावर वस्तु ठेवावयाची असते. बाकावर ती धरावयाची असते. रंधा मारतांना सारा जोर पुढच्या दिशेला जातो. त्या जोरानें साधें टेबल खोलीभर चालूं लागतें, त्याचे पाय लटपटूं लागतात, व माणसाची निम्मी शक्ति टेबलालाच आवरण्यांत जाते. म्हणून बाकाला तीन गुण लागतात: तें जड असावें, त्याचे सांधे ताठ असावेत, आणि लांकूड अडविण्याची व आवळण्याची त्यांत सोय असावी. वरची फळी अडीच-तीन इंच जाड, पाय चार इंच चौरस, खालून चारी बाजूंनीं जोडपट्ट्या, पुढच्या कडेला एक शिकंजा, आणि रंधतांना लांकूड टेकावें म्हणून डाव्या टोकाला एक लहानसा ठोकळा, एवढ्यांत साध्या बाकाचें वर्णन संपतें. फळीची पुढची कड व पुढचे पाय एका पातळींत ठेवावेत. म्हणजे लांब फळी उभी धरून तिची कड रंधतांना तिला पायांचाही आधार मिळतो. उंची ज्याची त्यानें ठरवावी. सरळ उभें राहून हात सैल सोडले असतां मनगट जेथें येतें, त्या सुमारास बाकाचा वरचा भाग यावा, असा एक सर्वसाधारण नियम आहे. मध्यम उंचीच्या माणसाला ती तीस ते बत्तीस इंच पडते. रंध्याचें काम अधिक असेल तर थोडें खालीं, बारीक काम अधिक असेल तर थोडें वर.

ही वस्तु कालपरवांची नाहीं. जर्मनींतील साल्बुर्ग येथील रोमन किल्ल्यांत सांपडलेलें लांकडी बाक सुमारें अठराशें वर्षांपूर्वींचें आहे. पॅरिसचा निष्णात सुतार आंद्रे जाकोब रूबो यानें १७६९ ते १७७५ या काळांत आपल्या धंद्यावर एक विस्तृत सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील बाकाच्या चित्रावरून आजही निरनिराळ्या देशांतील हौशी लोक आपापलीं बाकें करतात. आमच्या इकडील सुतारानें मात्र परंपरेनें भुईलाच बाक मानलें. भुईपेक्षां जड व अचल दुसरें काय असणार? तो उकिडवा बसतो, लांकडाचें टोक कशाला तरी टेकवतो, आणि पायांनीं तें असें आवळून धरतो कीं शिकंज्यानें लाजावें. या पद्धतींत उणेपणा कांहीं नाहीं. उणेपणा आहे तो आपल्या गुडघ्यांत. खुर्ची-टेबलावर वाढलेल्या मुलाला घटकाभर उकिडवें बसवत नाहीं, म्हणून त्याला बाक पाहिजे.

आमच्या एकत्र कुटुंबांत गेल्या उन्हाळ्यांत असें एक बाक झालें. करणारा माझ्या पुतण्याचा मुलगा, वय वर्षें अठरा. दहावीपर्यंत याच्या वहींत लाल शाई क्वचितच दिसावयाची. बारावीच्या सुमारास दिलेल्या एका प्रवेशपरीक्षेंत मात्र त्याला अपेक्षेहून पुष्कळच कमी गुण मिळाले. त्याचें दुःख घरांत सर्वांनाच झालें. परंतु खरी काळजी निराळी होती. आपलीं कोणतीं उत्तरें चुकलीं व कां चुकलीं, हें पाहावयासही तो तयार होईना. स्वतःचीं उत्तरें व बरोबर उत्तरांची यादी दोन्ही हाताशीं असतांना तीं न उघडतां तो पंधरा दिवस खोलींत बसून राहिला. माझ्या वहिनी, म्हणजे त्याची आजी, एके दिवशीं मला म्हणाल्या, "भावजी, पोराच्या हाताला काहीतरी काम द्या हो. नुसतं डोकं धरून बसलाय." शेजारचा जुना वाडा पाडण्याचें काम त्याच सुमारास चाललें होतें व तेथील सागवानी तुळया आणि वासे विक्रीस निघाले होते. त्यांतले थोडे घेऊन पडवींत टाकले आणि बाकाचा बेत ठरला. पुतण्याला तो फारसा रुचला नाहीं. "काका, एक वर्ष हातचं जायची वेळ आली आहे, आणि आपण त्याला सुतार करायला निघालो आहोत का?" असें त्यानें विचारलें. हा प्रश्न पुष्कळ घरांत निघेल, म्हणून त्याचें उत्तर पुढें देणार आहें. आधीं बाकाची हकीकत.

जुनें सागवान घेण्याचें कारण थोडक्यांत सांगतों. ओलें लांकूड वाळतांना आकसतें, पण सर्व दिशांनीं सारखें आकसत नाहीं. लांबींत तें जवळजवळ आकसतच नाहीं. रुंदींत आकसतें, आणि त्यांतही बुंध्यावर जीं वर्तुळें दिसतात त्यांच्या दिशेनें अधिक आकसतें. म्हणून ओल्या लांकडाची फळी वांकते, पिळते, तडकते. आपल्या भाषेंत 'बाक' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत; ओल्या लांकडाचें बाक केलें तर ते दोन्ही एकाच ठिकाणीं पाहावयास मिळतात. वाड्याचें लांकूड कित्येक दशकें वाळलेलें असल्यामुळें हा धोका पुष्कळ कमी होतो. दुसरा धोका मात्र असतो. त्यांत गंजलेले खिळे दडलेले असतात, आणि एकच खिळा करवतीचे दांत व रंध्याचें पातें दोन्ही बिघडविण्यास पुरेसा होतो. याकरितां सर्व लांकडावरून आधीं लोहचुंबक फिरवावा.

पहिली चूक पायांच्या मापांत झाली. चार पाय सारखे कापावयाचे होते. मुलानें पहिला पाय पट्टीनें मोजून कापला. दुसरा पहिल्यावर ठेवून आंखला, तिसरा दुसऱ्यावर, चौथा तिसऱ्यावर. दर वेळीं पेन्सिलीच्या रेघेची जाडी पुढच्याच्या पदरांत पडत गेली, आणि चौथा पाय पहिल्याहून दीड सूत लांब निघाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांच्या तोंडीं हें माप अद्याप आहे. ज्यांना हस्तलिखित पोथ्यांचा परिचय आहे, त्यांना ही चूक ओळखीची वाटेल. नकलेवरून नक्कल होत गेली म्हणजे प्रत्येक लेखकाचा दोष पुढच्याकडे वारशानें जातो व स्वतःचा त्यांत मिळतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ मध्यें हातीं घेतलें, तें १९६६ मध्यें पुरें झालें. एवढा दीर्घ खटाटोप अनेक नकला एकमेकींशीं ताडून जुन्या पाठाकडे जाण्यासाठींच होता. सुताराचा उपाय सोपा आहे. चारी लांकडें शेजारीं शेजारीं ठेवावींत, टोकें एका रेषेंत आणावींत, आणि गुण्या लावून चारींवरून एकच रेघ ओढावी. मूळ एक, नकला चार. नकलेची नक्कल नाहीं.

दुसरी चूक सांध्यांत झाली. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू काढून तें पायाच्या भोकांत बसवावयाचें असतें. मुलानें रेघ अगदीं काळजीपूर्वक आंखली आणि करवत बरोबर रेघेवरूनच चालविली. कुसू भोकांत सैल पडलें. हातानें हलविलें कीं खुळखुळे. आपण तर रेघ सोडलीच नाहीं, मग हें कसें झालें, हें त्याला उमजेना. त्याच दिवशीं आमच्या माजघराचें दार दुरुस्त करावयास एक वृद्ध सुतार आले होते. त्यांनीं तुकडा हातांत घेऊन विचारलें, "बाळ, ही रेघ कुणाची? राहणाऱ्या लाकडाची, की जाणाऱ्या?" करवत स्वतःच्या दांतांच्या रुंदीइतकें लांकूड भुसा करून खाते. ती वाट नेहमीं टाकून द्यावयाच्या बाजूनें पाडावयाची आणि रेघ राहणाऱ्या लांकडावर शिल्लक ठेवावयाची, हें त्या एका प्रश्नानें कळलें. मुलगा तो तुकडा फेकूं लागला तेव्हां ते म्हणाले, "टाकतोस कशाला? पाय बिघडला तर पट्टी होते, पट्टी बिघडली तर पाचर होते. लाकूड लहान होतं, वाया जात नाही." मग कुसवाच्या अंगाला सरसानें एक पातळ पट्टी चिकटवून ती दुसऱ्या दिवशीं पटाशीनें बेतानें तासली, आणि तोच सांधा घट्ट बसला. जातांना ते मला म्हणाले, "गुरुजी, नवीन तुकडा दिला असता तर पोरानं पुन्हा तेच केलं असतं."

तिसरी चूक मुलाची नव्हतीच. दोन सांधे नीट मापून केले, तरी चौकट कांहीं केल्या काटकोनांत येईना. "नाचतां येईना अंगण वांकडें" ही म्हण अशा वेळीं घरांत कोणाच्या तरी तोंडून निघतेच, आणि निघाली. परंतु अंगण खरोखरच वांकडें आहे कीं काय, हें पाहण्याची रीत सुतारकामांत आहे. एका सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ ओढावी. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूंतून दुसरी रेघ ओढावी. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकरूप होतात. खोटा असेल तर त्या फांकतात, आणि त्यांच्यामधील अंतर मूळ चुकीच्या दुप्पट असतें. चूक लपावयाचें सोडून दुप्पट होऊन समोर येते, अशी ही सुंदर युक्ति आहे. आमच्या रेघा टोकाशीं चांगल्या एक सूत फांकल्या. गुण्या नवा कोरा होता, तरी वांकडा होता. मुलाचा चेहरा त्या दिवशीं पहिल्यांदा उजळला. प्रत्येक बिघाडाचा दोष आपलाच नसतो, आणि तो कोणाचा हें रागावून नव्हे तर तपासून ठरवितां येतें, हें ज्याला वेळेवर कळलें त्याचें पुष्कळ दुःख वांचतें.

चवथ्या चुकीला त्याची धाकटी बहीण कारण झाली, म्हणजे ती पकडावयाला. नवा गुण्या आणून चारी सांधे पुन्हां पाहिले होते व चौकट सरस लावून आवळून ठेवली होती. नववींत शिकणाऱ्या त्या मुलीनें सहज दोरी घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मापले व ती म्हणाली, "दादा, हे सारखे नाहीत. मग हा आयत कसा?" समोरासमोरच्या भुजा समान असूनही कर्ण असमान असतील, तर आकृति समांतरभुज असते, आयत नसते, शिकंज्यांच्या ओढीनें चौकट किंचित् तिरपी झाली होती. सरस अजून ओला होता. लांब कर्णाच्या दिशेनें एक शिकंजा आवळतांच दोन्ही दोऱ्या जुळल्या. दोरीचें हें भूमितिशास्त्र आपल्याकडे फार जुनें आहे. शुल्ब म्हणजे दोरीच. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत आयताच्या कर्णाचा नियम दिला आहे, आणि ३ व ४, ५ व १२, ८ व १५ अशा भुजांच्या आयतांत तो दिसतो, हेंही सांगितलें आहे. यज्ञवेदीच्या विटा नेमक्या बसाव्या म्हणून तें रचलें गेलें. सुतार हा शब्दही सूत्रधार या शब्दापासूनच आला. त्याच्याही हातीं दोरीच. शाळेच्या पाटीवर जो सिद्धांत परीक्षेपुरता राहतो, तो पडवींत एका चौकटीला सरळ करून गेला. ३ फूट एका बाजूला, ४ फूट दुसऱ्या बाजूला, आणि मधला कर्ण बरोबर ५ फूट, एवढें मापलें कीं कोणाही गृहस्थाला गुण्यावांचून काटकोन तपासतां येतो.

पांचवी चूक बाक उभें केल्यावर कळली. तें डुगडुगूं लागलें. तीन पायांची तिवई कोठेंही ठेवा, डुगडुगत नाहीं, कारण कोणत्याही तीन बिंदूंतून एक पातळी जाते. चौथ्या पायानें त्याच पातळीवर यावें अशी मात्र निसर्गाची सक्ति नाहीं. मुलानें लांब वाटलेला पाय थोडा कापला, तों दुसरा लांब भासूं लागला. दोन मांजरींच्या लोण्याचा निवाडा करणाऱ्या माकडाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहेच. याच रीतीनें पुढें गेलें असतें तर बाकाचा चौरंग झाला असता. दुसऱ्या कापानंतर तो आपणच थांबला, ही मोठी गोष्ट. योग्य रीत अशी: बाक सपाट जागीं ठेवावें, आखूड पायांखालीं पाचरी सारून फळी पाणसळीनें समपातळींत आणावी, मग एका सपाट ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून तो ठोकळा भुईवर सरकवीत चारी पायांभोंवतीं सारख्या उंचीची रेघ ओढावी, आणि त्या रेघांवर कापावें. प्रत्येक पायाची दुसऱ्याशीं तुलना करीत बसण्यापेक्षां चौघांची तुलना एकाच भुईशीं करावी.

शेवटची चूक पावसाळ्यानें दाखविली. मे महिन्यांत बाक पुरें झालें, तेव्हां वीस इंच रुंदीची वरची फळी पुढून व मागून स्क्रूंनीं घट्ट आवळली होती. जुनें लांकूड वाळलेलें असलें तरी हवेंतील ओल घेणें तें सोडीत नाहीं. पावसाळ्यांत घरोघरीं दारें अडकतात तीं याचमुळें. एवढ्या रुंदीची फळी दोन-तीन मिलिमीटर सहज रुंदावते. तिला सरकावयास जागा नव्हती; जुलैमध्यें तिनें मध्येंच पाठ उंचावली. ताकदीनें लांकडाची ही चाल रोखतां येत नाहीं. तिला वाट द्यावी लागते. पुढचे स्क्रू घट्ट ठेवून मागचीं भोकें रुंदीच्या दिशेनें लांबट केलीं, म्हणजे फळी ऋतुमानाप्रमाणें मागें सरकते व परत येते. ही चूक करतांना दिसली नव्हती, दुसऱ्या दिवशींही दिसली नव्हती. कांहीं चुका अशाच उशिरां पिकतात. त्यांना काळ हाच परीक्षक लागतो.

आतां या सर्वांतून काय घ्यावयाचें? पूर्वीं शाळेंत चुकणाऱ्या मुलाला बाकावर उभें करीत. येथें चूक बाकावर उभी राहते आणि मुलगा खालीं उभा राहून तिच्याकडे पाहतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. शाळेंतील चूक दुसरा कोणी तरी शोधतो. ती परत हातीं येईपर्यंत आठ-पंधरा दिवस जातात. आणि तोंवर तिचा एक आंकडा झालेला असतो, जो पुसतां येत नाहीं. एका शिक्षकापुढें साठ मुलें असतात तेथें याहून फार निराळें घडणें कठीण आहे, हें त्या धंद्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला सांगावयास नको. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं, हुषार मुलाला चूक म्हणजे स्वतःवरचा निकाल वाटूं लागतो. बाकावरची चूक बहुधा लहान असते, लवकर दिसते, करणाऱ्यालाच दिसते, आणि दुरुस्त करतां येते. तिला कोणी नांव ठेवण्याच्या आधीं गुण्या, दोरी व पाणसळ यांनीं तिची जागा सांगितलेली असते. त्या साधनांना राग येत नाहीं आणि त्यांच्याशीं भांडतांही येत नाहीं.

हा विचार माझा एकट्याचा नाहीं. फिनलंडमध्यें उनो सिग्नेउस याच्या पुढाकारानें १८६६ मध्यें प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमांत हस्तव्यवसायाला स्थान मिळालें. स्वीडनमधील नेस येथें ऑटो सालोमोन यानें त्याच्या पुढच्या दशकांत शिक्षकांसाठीं असेच वर्ग काढले, आणि देशोदेशींचे शिक्षक तेथें जाऊन 'स्लॉइड' नांवाची ती पद्धति शिकून आले. मुलानें घरांत उपयोगी पडणाऱ्या लहान लांकडी वस्तू सोप्यापासून कठिणापर्यंत क्रमानें कराव्या, नीटनेटकेपणा, अचूकपणा व श्रमाविषयीं आदर त्याच्या अंगीं यावा, असा तिचा हेतु होता; मुलाला सुतार करणें हा हेतु नव्हता. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, व नंतर झाकिर हुसेन समितीनें हस्तव्यवसायाभोंवतीं गुंफलेली शिक्षणाची योजना मांडली. तिच्यांतील मूलोद्योगांत सुतारकामही होतें. सुशिक्षित मध्यम वर्गानें त्या योजनेची स्तुति केली, आणि ती दुसऱ्यांच्या मुलांसाठीं आहे असें मनांतल्या मनांत ठरवून टाकलें.

म्हणून पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर. आपल्या मुलाला सुतार करावयाचें आहे काय? तो उत्तम सुतार होणार असेल तर त्यांत कमीपणा कोणता, हा पहिला भाग. ऋग्वेदाच्या ऋषींना आपल्या सूक्तरचनेसाठीं उपमा शोधावीशी वाटली, तेव्हां त्यांनीं कुशल कारागिरानें घडविलेल्या रथाची घेतली. तक्ष् या धातूनें ते लांकूड तासण्याचें काम सांगतात आणि मंत्र रचण्याचेंही. ज्यांनीं तीं सूक्तें पाठांतरानें जतन केलीं, त्यांच्याच घरांत पुढें पटाशी हातीं धरणें हलकें ठरलें, ही आमच्या विद्वत्तेची भूषणास्पद गोष्ट नव्हे. दुसरा भाग असा, कीं मुलगा सुतार न होतां अभियंता, वैद्य किंवा वकील झाला तरी त्याला आयुष्यभर चुकांशींच गांठ घालावयाची आहे. चूक दिसतांच जो खोलीचें दार लावून घेतो, त्याला पाठांतराचा उपयोग फार दूरवर होत नाहीं.

ज्या घरांना हा प्रयोग करावासा वाटेल, त्यांच्यासाठीं थोड्या सूचना. आरंभीं हत्यारें थोडींच घ्यावींत: एक करवत, एक रंधा, दोन रुंदींच्या पटाश्या, एक मोगरी, एक पट्टी, तपासून घेतलेला गुण्या आणि दोन शिकंजे. विजेची करवत नवशिक्याच्या हातीं देऊं नये. बोथट हत्यार धारदार हत्याराहून अधिक घातक असतें, कारण तें जास्त जोर मागतें व मग घसरतें; म्हणून धार लावणें हाच पहिला धडा असावा. पटाशी चालवितांना लांकूड शिकंज्यांत आवळावें आणि दोन्ही हात धारेच्या मागें ठेवावेत. लहान मुलांजवळ कोणी तरी मोठें माणूस असलेंच पाहिजे. मुलींना यांतून वगळूं नये. आमच्या घरचा कर्णाचा दाखला वर आलाच आहे. पहिल्या बाकासाठीं महाग लांकूड आणूं नये, कारण महाग लांकडावर हात भितो. आणि गांवांत जुना अनुभवी सुतार असेल तर त्याला आदरानें बोलावून त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा. चांगला प्रश्न विचारणारा गुरु फुकट मिळावा अशी अपेक्षा ठेवूं नये.

सर्वांत कठीण सूचना मोठ्यांसाठीं आहे. मुलाची चूक आपल्याला त्याच्या आधीं दिसते, आणि ती सांगून टाकण्याचा मोह अनावर होतो. इजा होण्याचा संभव असेल तर अवश्य ओरडावें. एरवीं "माप पुन्हां घेऊन पाहतोस का?" एवढेंच म्हणून गप्प राहावें. सांगितलेली चूक सांगणाऱ्याची राहते. सांपडलेली चूक सांपडणाऱ्याची होते, व तिच्याबरोबर तिची दुरुस्तीही त्याचीच होते.

आमचें बाक आज पडवींत आहे. त्याच्या एका सांध्याला पट्टी चिकटविलेली दिसते, आणि फळी ठरल्या मापाहून अर्धा इंच खालीं आहे. पण रंधा मारतांना तें हलत नाहीं. त्यावर आतांपर्यंत दोन पाट, एक पुस्तकांची मांडणी व वहिनींच्या देवघराची चौकट झाली. ऑगस्टमध्यें केव्हां तरी त्या मुलानें आपलीं परीक्षेचीं उत्तरें बाहेर काढलीं, त्याच बाकावर पसरलीं आणि चुकांचे तीन गट केले: मुळांतच न आलेलें, घाईनें वाचलेलें, आणि पहिल्या पायरीवरची बारीक चूक शेवटपर्यंत ओढीत नेलेली. तिसरा गट सर्वांत मोठा निघाला. "आजोबा, ही पायांसारखीच चूक आहे," एवढेंच तो म्हणाला व पुढच्या कागदाकडे वळला. येत्या परीक्षेंत त्याला किती गुण मिळतील हें कोणी सांगावें? सध्यां तो रोज सकाळीं अभ्यासाला बसतो, संध्याकाळीं घटकाभर रंधा मारतो, आणि जेवावयास सर्वांच्या पंक्तीला असतो. पुतण्यानेंही परवां स्वतःच्या खोलीच्या खिडकीचें माप त्याच्याजवळ दिलें. खिडकी दरवर्षीं पावसाळ्यांत अडकते, तिच्या लांकडाला सरकावयास जागा कोठें ठेवावयाची, याचा विचार हल्लीं दोघे मिळून करीत आहेत.